सहाण कोरडी राहिली तो दिवस

शांत मुलाचं कौतुक माझ्यासमोर कोणी करू नये. परवा शेजारी बारसं होतं. पाळण्यातलं बाळ गाढ झोपलेलं, आणि त्याची आजी सगळ्यांना सांगत होती, "आमचं बाळ इतकं शहाणं, घरात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही." मी हातातली घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "पितं किती?" बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी काही भलतंसलतंच बोलले. बघू देत. या बाबतीत मी गप्प बसत नाही, आणि का बसत नाही ते आज सांगून टाकते.

तारापूरला बिजलीघराचं बांधकाम निघालं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. माझं माहेर तारापूरच्या खाडीकडचं, सासर सातपाटीचं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. मुलगी झाली. आणि काय प्यायची म्हणून सांगू. डाव्या अंगाला पिऊन झालं की उजव्या अंगाला, मध्ये एक ढेकर, पुन्हा सुरू. माझी आई म्हणायची, "बाय, ही पोरगी तुला खाऊन टाकेल." मांड्यांना वळ्या पडल्या होत्या, गालांना हात लावला तर सोडवत नसे. तिसरा महिना लागला तसा नवरा न्यायला आला आणि मी सासरी गेले.

सासरच्या घरात तेव्हा माझ्याशिवाय दोनच बायका. सासूबाई मासळीची पाटी घेऊन पालघरहून गाडीने बोईसरच्या बाजाराला जायच्या. बांधकामावरचे परगावचे लोक तिथे मासळी घ्यायला यायचे, त्यामुळे सासूबाईंना थोडं हिंदीही यायला लागलं होतं आणि त्याची त्यांना भारी ऐट होती. दुसरी काकी, म्हणजे माझी चुलतसासू. नवरा गेल्यापासून ती आमच्यातच राहायची आणि बंदरावर बोंबील वाळत घालायचं काम करायची. कमी बोलायची, पण पोरीला हातात घेतली की सोडायची नाही. माझा नवरा होडीवर. एकदा समुद्रात गेला की चार-पाच दिवस तोंड दिसायचं नाही. याशिवाय रोज सकाळी पोरीला न्हाऊ घालायला एक म्हातारी यायची. अख्ख्या आळीतली पोरं तिच्याच पायांवर न्हाऊन मोठी झालेली.

आमच्याकडे तान्ह्या मुलाला रोज गुटी द्यायची. मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड, हिरडा, खारीक, बदाम, सगळं सहाणेवर उगाळायचं, आईच्या दुधात कालवायचं आणि बोंडल्याने पाजायचं. प्रत्येक वस्तूचे वेढे ठरलेले. जायफळाचा वेढा सगळ्यात शेवटी आणि अगदी अल्लद, कारण जायफळाने पोर झोपतं. हे सगळं करायचं घरातल्या वडीलधाऱ्या बाईने. सुनेने सहाणेला हातसुद्धा लावायचा नाही. पोराची आई ती, पण गुटीत तिचं काय काम, असा सगळा मामला. वाटीत दूध काढून द्यायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

सासरी आल्यावर माझी पोरगी झोपायला लागली. सुरुवातीला मला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू? माहेरी तिने माझी झोप उडवली होती. इथे मी विहिरीवर जाऊन यायचे, स्वयंपाक करायचे, भांडी घासायचे, तरी पोरगी पाळण्यात निवांत. सासूबाई खूश. "तिकडं तारापूरला रडत होती. सासरचं पाणी मानवलं बघ." आळीतल्या बायका येऊन पाळण्यात डोकावायच्या आणि म्हणायच्या, "किती गुणी पोर हाय." धुवायला लंगोटही मोजकेच निघायचे. त्याचंसुद्धा कौतुक.

इकडे माझा जीव निघत होता. छाती दगडासारखी टणक व्हायची, पोलका भिजून जायचा, आणि पिणारी झोपलेली. उठवून जवळ घेतली की दोन घोट ओढायची आणि तोंड सुटायचं. मग मी मागच्या माडाच्या आळ्यात बसून दूध पिळून टाकायचे. माडाला घालायचं आणि पोरीला नाही. डोळ्यांतून पाणी यायचं. हळूहळू छाती टणक व्हायची थांबली. पोलका कोरडा राहायला लागला. तेव्हा मी खरी घाबरले.

मग एके दिवशी तिच्या पायातला वाळा आपोआप निघून गोधडीत पडला. माझ्या भावाने हौसेने केलेले चांदीचे वाळे, बारशाला इतके घट्ट बसले होते की आई म्हणाली होती, महिन्याभरात बदलावे लागतील. मी तिचे पाय हातात घेतले. मांडीवरच्या वळ्या कुठे गेल्या होत्या कोण जाणे, कातडी नुसती सैल लोंबत होती. आणि तिची आई मी, रोज तिला बघणारी, मला ते वाळ्याने सांगावं लागलं.

घरात उपाय सुरू झाले. पहिल्यांदा दृष्ट काढली. मीठ-मिरच्या चुलीत गेल्या, सगळे खोकले, पोरगी झोपलेलीच. मग सासूबाई म्हणाल्या, "तुझं दूध पातळ हाय." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पातळ हाय का घट्ट, तुमीच चाखून बघा." संध्याकाळभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी बोईसरचा बाजार बुडवून मला आणि पोरीला घेऊन पालघरच्या डॉक्टरांकडे गेल्या त्याच. तेवढं त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, टाळूवर हात फिरवला, वजन केलं. मला विचारलं, "दिवसातून किती वेळा पिते?"

"उठली की पिते."

"आणि उठते किती वेळा?"

मी बोटं मोजायला घेतली आणि तिसऱ्या बोटावर अडले. डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. "वरचं काही देता का? गाईचं दूध, साखरपाणी, औषध?"

"काय नाय," सासूबाई ठासून म्हणाल्या. "आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंब नाय."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मीही मान डोलावली. गुटी आमच्या लेखी खाणं नव्हतं, औषधही नव्हतं. पोराला काजळ घालतात, तीट लावतात, तशी गुटी. डॉक्टरला कोणी काजळ सांगतं का?

डॉक्टर म्हणाला, "उठवून उठवून पाजा. पंधरा दिवसांनी आणा. वजन वाढलं नाही तर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल. आता फार दिवस थांबता यायचं नाही."

मी उठवायला लागले. ओलं फडकं तळव्यांना लावायचं, अंगडं काढायचं, कानात फुंकर मारायची. डोळे अर्धे उघडायचे, दोन घोट, की मान टाकली. एकदा तर मी तिच्या टाचेला चिमटा काढला आणि मग त्याच टाचेचे मुके घेत रडत बसले. दिवस चालले होते आणि पोरगी हातात हलकी हलकी लागत होती.

मग तो दिवस आला. दिवाळी नुकतीच झाली होती. पहाटे बंदरावरून ओरडा आला की होड्या सरंग्याने भरून आल्यात. सातपाटीत सरंगा आला म्हणजे घरात कोण थांबतं? सासूबाई पदर खोचून पळाल्या. काकी त्यांच्या आधीच गेलेली. न्हाऊ घालणाऱ्या म्हातारीचा मुलगा त्याच होड्यांवर होता, तेव्हा तीही आली नाही. अख्खी आळी ओस पडली. घरात मी आणि पोरगी.

उन्हं अंगणात आली आणि पाळण्यातून आवाज आला. कुरकुर म्हणावी असा. मी चुलीपाशी होते, मला वाटलं मांजर. पुन्हा आला, जरा मोठा. मी जाऊन बघते तर पोरगी जागी. डोळे टक्क उघडे. माझ्याकडे बघितलं आणि असा टाहो फोडला की मी दचकले. मी तिला उचलली, तिथेच जमिनीवर बसले. आणि पोरीने असं दूध ओढलं की माझ्या पाठीपर्यंत कळ गेली. ती गिळत होती. गिळल्याचा आवाज मला ऐकू येत होता. डावं अंग रिकामं झालं, ओरडली. उजवं दिलं. तेही संपलं, तर तोंड सोडून माझ्यावरच भडकली, हातपाय झाडायला लागली. मी हसत होते आणि डोळे पुसत होते आणि तिला सांगत होते, अगं थांब, बनू तर दे.

थोडी झोपली. पुन्हा उठली. पुन्हा टाहो. आज हिला झालंय काय, असं म्हणत मी घरभर फिरले. काय केलं आज वेगळं? न्हाऊ घातलं नव्हतं. दृष्ट काढली नव्हती. फिरता फिरता कोनाड्यापाशी आले आणि थांबले. कोनाड्यात सहाण होती. कोरडी ठणठणीत.

मी त्या घरात आल्यापासून ती सहाण कोरडी पाहिली नव्हती. सकाळी विहिरीवरून आले तरी ओली, स्वयंपाक करून उठले तरी ओली, माझी अंघोळ झाली तरी ओली. इतके दिवस ती माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि एक गुटी उगाळायला सहाण दिवसभर ओली का लागते, हा प्रश्न मला पडला नव्हता. शेजारी जायफळ होतं. उचलून बघितलं तर निम्म्याहून जास्त झिजलेलं.

मी पोरीला पदरात घेतली आणि निघाले. चालत नाही, पळतच. बंदरावर बोंबलांच्या मांडवांखालून वाकत, सरंग्याच्या पाट्या ओलांडत, आणि पोरगी खांद्यावर गळा काढून रडतेय. लोकांना वाटलं पोरीचं काही बरंवाईट झालं. सासूबाईंनी मला येताना पाहिलं आणि त्यांच्या हातातला सरंगा खाली पडला. "काय झालं पोरीला?"

"रडते," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचेना. "आई, रडते बघा कशी. दोन्ही अंगं पिऊन रडते."

मग मी विचारलं, "आज गुटी कोणी दिली?"

सासूबाई म्हणाल्या, "मी तर पहाटेच आली. आज नाय दिली."

"मीपण आज घरी गेली नाय," काकी म्हणाली. "रोज बंदरावरून परत गेली की देते मी."

सासूबाई तिच्याकडे वळल्या. "तू देते? अगं, मी निघताना रोज देते ना तिला."

"मला कुठं सांगितलं? सुनेनं दूध काढून ठेवलेलं असतं वाटीत. मी म्हटलं गुटीसाठीच हाय."

गुटीसाठी दूध मी सकाळी एकदाच काढायचे, पण मी कामात असताना पोरगी उठलीच तर कोणी पाजावं म्हणून आणखी एक वाटी काढून ठेवायचे ना. ती दुसरी वाटी कुठे जाते ते मला तेव्हा कळलं. तेवढ्यात न्हाऊ घालणारी म्हातारी खाकरली. "अंघोळीनंतर मीपण बोटभर चाटवते," ती म्हणाली. "सगळ्यांच्याच घरी चाटवते."

"जायफळ घालून?"

"मग? माझ्या हातचं पोर रडत नाय, असं लोक उगाच म्हणतात काय?"

सासूबाईंना वाटायचं सहाण त्यांची. काकीला वाटायचं पोरीचं सगळं करायला ती आहे. आणि म्हातारीला आपल्या हातगुणाची काळजी. तिघींचा जीव पोरीवर, आणि तिघी मिळून तिला गुंगी देत होत्या. मग मी जे बोलले ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. मानपान, वडीलधारं, काही राहिलं नाही. "माझी पोर मरायला टेकली," मी म्हटलं, "आणि तुमाला एकमेकींना विचारावंसं वाटलं नाय?" बंदरावरचे पुरुष दुसरीकडे बघायला लागले. सासूबाईंनी म्हातारीला धारेवर धरलं, म्हातारीने सासूबाईंना. काकी तेवढी उपड्या पाटीवर बसून राहिली. मला वाटलं माझ्या बोलण्याचा राग आला असेल, आणि तेव्हा मला त्याची पर्वा नव्हती.

घरी आल्यावर सासूबाईंनी जायफळ उचललं आणि चुलीत टाकलं. सहाण त्यांनी स्वतः उचलून माळ्यावर ठेवली. माझी माफी वगैरे काही मागितली नाही. फक्त विचारलं, "आता काय करायचं सांग." त्या घरात मला हे कोणी पहिल्यांदाच विचारलं होतं.

मग आमच्याकडे जे चाललं त्याला आळी हसली. पोरीला झोपवायला टपलेल्या बायका आता तिला जागी ठेवायला टपल्या. म्हातारीने चोळणं हलकं केलं, पाणी जरा कोमट केलं, कारण तिच्या आधीच्या न्हाण्याने मोठं माणूससुद्धा झोपलं असतं. पोरीचा डोळा लागायला आला की सासूबाई ताट वाजवायच्या आणि बोईसरच्या बाजारातलं हिंदी काढायच्या, "उठो, लेना है तो लो, माल ताजा है." मला हसू आवरायचं नाही आणि हसता हसता दूध सांडायचं. दूध आटलं होतं ते एका दिवसात थोडंच येतंय? पण पोरगी ओढत राहिली. तासाला, अर्ध्या तासाला, मी नुसती पाजत बसायचे. सासूबाई बंदरावरून मुशी आणायच्या, तिचं लसूण घातलेलं कालवण काकी करायची, वर अळिवाची खीर. आमच्यात मुशीने दूध येतं म्हणतात. मुशीने आलं की ओढण्याने, मला ठाऊक नाही, मी दोन्ही सोडलं नाही. आणि एका दुपारी कालवण जेवता जेवता छातीत ती ओळखीची झिणझिण आली, पोलका भिजला. मी जेवता जेवता ओरडले, "भिजला." सासूबाई हात न धुताच बघायला धावल्या.

नवरा समुद्रावरून आला तेव्हा पोरीने त्याच्या तोंडावरच भोकाड पसरलं. तो हरखून गेला. डॉक्टरकडे दुसऱ्या दिवशी जायचं होतं, पण त्याला दम कुठला? पोरीला घेऊन सरळ बंदरावर मासळी तोलायच्या काट्यापाशी गेला, पाटीत गोधडी घातली आणि तिला ठेवली. तोलणारा म्हणाला, "सरंगा म्हणून लावू का मुशी म्हणून?" सासूबाईंनी त्याला असं झापलं की विचारू नका. पण पारडं खाली गेलं. पालघरला भरलं होतं त्याहून पोरगी जास्त भरली. आम्ही सगळे पारड्याकडेच बघत होतो. मग सासूबाई पाटीजवळ जाऊन बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

डॉक्टरनेही दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. मुंबईला जायची गरज नाही म्हणाला. "वरचं काही?" त्याने विचारलं. या वेळी सासूबाईंनी काजळ, तीट, तेल, धुरी, वाळे, सगळं सांगितलं. काही म्हणजे काही सोडलं नाही.

त्यानंतर माझी पोरगी आळीतलं सगळ्यात रडकं पोर म्हणून गाजली. गुणी कोणी म्हणेना. मला त्याचा आनंद होता. भूक लागली की ती कोणाचं ऐकायची नाही.

एका दुपारी मी मागे भांडी घासत होते आणि आत पोरगी रडायला लागली. काकी घरात होती, म्हणून मी हात धुऊन सावकाश आले. बघते तर काकीने तिला मांडीवर घेतली होती आणि ती रडत होती ते काकी नुसती ऐकत होती. थोपटत नव्हती, गप्प करत नव्हती. मी हात पुढे केले तरी तिने दिली नाही.

"माझा पोरगा कधी असा रडला नाय," ती म्हणाली.

काकीला मूल झालं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिच्या समोर बसले.

"चौथा महिना लागला होता. झोपेतच गेला. सगळे म्हणायचे, किती शांत हाय." पोरीच्या तोंडावरचे केस तिने बाजूला केले. "त्याला मीच उगाळून द्यायची, बाय. आणि सासू पण द्यायची काय, ते मी कधी विचारलं नाय."

बंदरावर चारचौघांत सगळ्यांना सुनावणारी मी. नाही काकी, त्याचं दुखणं वेगळं असेल, असं काहीतरी मी पुटपुटले. तिने ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

मग तिने पोरगी माझ्या मांडीत दिली. "घे, पाज तिला," ती म्हणाली. "भूक लागलीय तिला."

मी पाजायला घेतलं. काकी समोरच बसून राहिली, पोरगी पुरती पिऊन होईपर्यंत.